नवे स्पार्क प्लग टाकले, तरी होंडा सिटी येऊर चढताना रडते. इरिडियम घ्यावेत का?

उपवनकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

गाडी होंडा सिटी झेडएक्स, आय-डीएसआय, २००७ची, पेट्रोल. मूळ सासऱ्यांची. गेल्या दिवाळीत त्यांनी "आता रात्रीचं समोरून लाइट आले की दिसत नाही, तूच चालव" म्हणत किल्ली माझ्या हातात ठेवली. पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी पुन्हा पासिंग करून घेतलंय, पर्यावरण करही भरलाय. तेव्हा 'भंगारात काढा' हा सल्ला कृपया नको, घरात तो रोज मिळतो. रीडिंग १,१८,०००.

तक्रार अशी. सपाटीला गाडी ठीक वाटते. पण गायमुखच्या चढाला तिसऱ्यात दम टाकते, आणि उपवनवरून येऊरला जाताना चेकनाक्याच्या पुढे दुसऱ्या गियरमध्येसुद्धा एसी बंद करावा लागतो. सकाळी स्टार्ट केल्यावर दोनेक मिनिटं थरथरते. मायलेज १३ होतं, आता १०. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नाही.

आमच्या भागातल्या मेकॅनिकने पाहिलं, म्हणाला प्लग गेलेत. चार नवे प्लग टाकले, मजुरीसकट अकराशे घेतले. दोन दिवस बरी वाटली (की मला वाटावंसं वाटलं म्हणून वाटली, देव जाणे), मग परत तेच. आता म्हणतो, "साधे प्लग या गाडीला चालत नाहीत, इरिडियम टाका." साडेतीन हजार सांगतोय.

प्रश्न: १) इरिडियमने खरंच पिकअप वाढतो का? २) प्लगचा नंबर कसा ठरवायचा? दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणतो. ३) दुसरंच काही असेल का?

तलावपाळी_कट्टा | रात्री १०.२०

दुसरंच काही नाही, तिसरंच आहे. पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. माझ्या स्कूटरपासून मेव्हण्याच्या गाडीपर्यंत सगळ्यांचं मायलेज झोपलंय. प्लग सोन्याचे टाका, काही होणार नाही.

घोडबंदर_हतबल | रात्री १०.३१

गायमुखला तिसरा गियर पडला यातच समाधान माना. आम्हाला मेट्रोच्या कामामुळे पहिल्याच्या वर जायची संधी मिळत नाही.

कोपरखैरणेकर | रात्री १०.४४

बिनधास्त टाका इरिडियम. मी वॅगनआरला टाकले, किलोमीटरमागे फरक जाणवतो. गाडी लोण्यासारखी चालते. साडेतीन हजार म्हणजे दोन वेळचं हॉटेल.

पाना_नंबर_सोळा | रात्री ११.१५

आधीच सांगतो, मी गॅरेजवाला नाही. रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, घरच्या दोन्ही गाड्यांचे प्लग स्वतः बदलतो, एवढीच पात्रता.

कोपरखैरणेकर, तुम्ही इरिडियम टाकले तेव्हा जुने किती चालले होते? पन्नास हजार चाललेले प्लग काढून नवे साधे टाकले असते तरी लोणीच लागलं असतं. गॅप (ठिणगी जिथून उडते ती टोकांमधली फट) वाढलेला जुना प्लग आणि नवा प्लग यांतला फरक मोठा. नवा साधा आणि नवा इरिडियम यांतला फरक रोजच्या चालवण्यात हाताला लागत नाही.

इरिडियमचा खरा गुण टिकण्यात आहे. हा धातू २४४६ अंश सेल्सिअसला वितळतो, निकेल १४५५ला. त्यामुळे मधलं टोक अगदी बारीक ठेवता येतं, काही प्लगचं तर ०.४ मिमी असतं, तरी ते झिजत नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, कॉईलवरचा (प्लगला जास्त व्होल्टेज पुरवते ती) ताण कमी होतो. साधा निकेलचा प्लग तीस-चाळीस हजारांपर्यंत नेता येतो, इरिडियम लाखाच्या आसपास जातो. तुमची गाडी वर्षाला सहा हजार चालत असेल, तर लाख किलोमीटर व्हायला सतरा वर्षं लागतील. तोवर ती गाडी रस्त्यावर असेल का, हे सासऱ्यांना विचारा.

आणि ज्यांना लोक 'तांब्याचे प्लग' म्हणतात त्यांचं टोकही तांब्याचं नसतं. तांबं आत गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला. टोक निकेलच्या मिश्रधातूचंच.

मात्र उलटं करू नका. कंपनीनेच इरिडियम दिलेल्या गाडीत पैसे वाचवायला साधे टाकले तर ते लवकर झिजतात, गॅप वाढतो, आणि प्लगचे वाचवलेले पैसे कॉईलवाल्याला जातात.

तलावपाळी, इथेनॉलचा मुद्दा अगदीच उडवून लावत नाही. पण नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. यांचं १३चं १० झालं, म्हणजे २३ टक्के. बाकीचे सोळा-सतरा टक्के कुणी खाल्ले?

तलावपाळी_कट्टा | रात्री ११.२२

आयोगाने एसीत बसून मोजलं असेल. पण बरं, सोळा टक्के तुमचे.

खोपट_आगार | रविवार, सकाळी ६.५०

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली. प्लगबद्दल माझं मत काहीच नाही, कारण आमच्या गाड्या डिझेलच्या, तिथे ठिणगीचा प्लग नसतोच. पण माझ्याकडे चेतक होती, आणि चेतकवाल्याला प्लगबद्दल कुणी शिकवू नये.

डिकीत प्लगपाना, एक जास्तीचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा हे त्रिकूट कायम. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घातलेलं, प्लग तेलकट होऊन बसायचाच. कळवा पुलावर भर पावसात, रेनकोटचा तंबू करून प्लग घासलाय मी, मागे सौ. छत्री धरून आणि कडेवर मुलगा. तो मुलगा आता ऑटोमॅटिक चालवतो आणि बॉनेट कुठून उघडतं हे मला विचारतो.

तर सांगायचं इतकंच: काढलेले जुने प्लग कुठे आहेत? डॉक्टर जीभ बघतो तसा प्लग बघायचा. मेकॅनिकने ते फेकून दिले असतील तर निदान कशावरून केलं?

उपवनकाठ | सकाळी ८.०५

काका, दंडवत. जुने प्लग मी मागून घेतलेत, पिशवीत आहेत. टोकं राखाडी-तपकिरी आहेत, फार काळी नाहीत. पांढऱ्या चिनी मातीवर, लोखंडाच्या जरा वर, तपकिरी वळं आहे. मेकॅनिक म्हणाला इथून गॅस लीक होतो.

पाना_नंबर_सोळा | सकाळी ८.४०

राखाडी-तपकिरी म्हणजे तब्येत उत्तम. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त किंवा इंजिन नीट तापतच नाही असं म्हटलं असतं. ओला तेलकट असता तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघायला लागलं असतं. पांढराफटक, फोड आलेला असता तर गाडी फार गरम चालतेय, आणि हा प्रकार सगळ्यांत वाईट.

तपकिरी वळं लीकचं नव्हे. प्लगभोवती जास्त दाबाच्या विजेचं क्षेत्र असतं, ते हवेतले तेलाचे कण ओढून चिकटवतं. निरुपद्रवी आहे. बऱ्याच चांगल्या प्लगांना या डागावरून फाशी झालेली आहे.

म्हणजे काढलेले प्लग चांगलेच होते! मग मेकॅनिकने बदलले काय आणि न बदलले काय. दुखणं दुसरीकडे आहे.

नंबराचं आता सांगतो. प्लगवरचं लिखाण म्हणजे पत्ता असतो, घर नंबर चुकला की पार्सल शेजाऱ्याकडे. उदाहरणाला एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ घ्या. 'बीके' म्हणजे १४ मिमीचे आटे आणि १६ मिमीचा पाना (माझ्या आयडीचं मूळ). 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे, साधारण पाच हजार ओहमचा. तो नसला तर रेडिओत खरखर येते आणि हल्लीच्या गाड्यांच्या कॉम्प्युटरलाही त्रास होतो. '६' हा उष्णता क्रमांक. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. '११' म्हणजे गॅप १.१ मिमी. डेन्सो कंपनीत याला जोडीदार के२०पीआर-यू११. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा १६. या दोघांत आकडा वाढला की प्लग 'थंड' होत जातो. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा वाढला की प्लग 'गरम'. त्यामुळे दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवून "दोन्हीवर सहाच लिहिलंय की साहेब" म्हटलं तर हसून बाहेर पडा.

गरम-थंड म्हणजे ठिणगी गरम-थंड नव्हे. प्लगच्या नाकाशी, म्हणजे इंजिनच्या आत राहणाऱ्या टोकाशी, आलेली उष्णता इंजिनच्या हेडमध्ये किती झटकन निघून जाते, त्याचं ते माप. भाकरीच्या तव्यासारखं आहे: पुरेसा तापला नाही तर चिकटते, फार तापला तर करपते. नाक साधारण ४५० अंशांच्या वर असलं की काजळी आपली आपण जळून जाते. साडेआठशेच्या पुढे गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटायला लागतं, आणि तिथून पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

लांबीचंही तेच. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो. आखूड बसवला तर हेडचे उरलेले आटे उघडे पडतात, त्यांत कार्बन भरतो, आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग घालताना आटे सोलून निघतात.

थोडक्यात, गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच. फार तर तोच नंबर दुसऱ्या कंपनीचा.

नेरूळची_माई | सकाळी ९.३०

थांबा थांबा. सगळे इरिडियम नि तव्यावर चर्चा करताय, पण धागा नीट वाचला का कुणी?

उपवनकाठ दादा, तुम्ही लिहिलंय आय-डीएसआय. आणि लिहिलंय चार प्लग बदलले.

आय-डीएसआयला आठ प्लग असतात.

घोडबंदर_हतबल | सकाळी ९.३३

काय सांगता!

पाना_नंबर_सोळा | सकाळी ९.३६

माई, साष्टांग. मी डोळे मिटून 'चार सिलिंडर, चार प्लग' वाचून पुढे गेलो आणि वर तवा तापवत बसलो.

नेरूळची_माई | सकाळी ९.५८

ही गाडी माझ्याकडे नऊ वर्षं होती, म्हणून माहीत. दर सिलिंडरला दोन प्लग, तिरपे समोरासमोर. एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. प्रत्येकाला स्वतःची कॉईल, म्हणजे कॉईलही आठ. गाडीचा कॉम्प्युटर वेग आणि भार बघून दोन्ही ठिणग्या एकदम किंवा थोड्या अंतराने उडवतो. दोन्हीकडून पेट घेतल्यामुळे मिश्रण भरभर जळतं, म्हणून तर ती गाडी मायलेजला नावाजलेली.

मेकॅनिकची चूक कशी होते तेही सांगते. सिटी झेडएक्स व्हीटेकमध्येही यायची, आणि व्हीटेकला चारच प्लग. बाहेरून बघून दोन्ही बहिणी सारख्या. शिवाय पुढची रांग बॉनेट उघडलं की समोर दिसते. मागची रांग काचेच्या बाजूला पार आत. तिथे हात घालायचा तर वायपर आणि काचेखालची प्लास्टिकची जाळी काढावी लागते. माझ्या गाडीचं तेच झालं होतं, एका ठिकाणी 'सगळे प्लग बदलले' म्हणून बिल दिलं आणि मागचे चार होते तिथेच. तेव्हापासून मी मोजून घेते.

मागची रांग अर्धमेली असली तरी पुढची रांग गाडी ओढत राहते. म्हणून धडाधडा मिसिंग मारत नाही, दिवाही लागेलच असं नाही. फक्त अशक्तपणा येतो. चढ, एसी, चार माणसं, की लगेच दम लागतो.

तलावपाळी_कट्टा | सकाळी १०.०४

पल्सरला दोन प्लग असतात हे आख्ख्या महाराष्ट्राला पाठ, आणि सिटीला आठ हे कुणाला माहीत नाही. जाहिरातीचा महिमा.

कोपरखैरणेकर | सकाळी १०.१०

म्हणजे इरिडियम आठ घ्यावे लागतील. साडेतीनचे सात हजार. मी माझा सल्ला आदरपूर्वक मागे घेतो.

उपवनकाठ | दुपारी १.४५

मंडळी, मी आत्ता जिन्यात बसून हसतोय.

सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले फाइल बघ. त्यांची गाडीची फाइल म्हणजे बिलं तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकावर पेन्सिलीने रीडिंग. २०१६च्या बिलात: 'स्पार्क प्लग – ८ नग', रीडिंग ७१,०००. त्यानंतर २०२१चं दुसऱ्या गॅरेजचं बिल: 'प्लग – ४'. आणि आता माझे ४. म्हणजे मागची रांग ७१ हजारांपासून आजपर्यंत तीच! ४७ हजार किलोमीटर.

दुसरी गोष्ट. ते सहज बोलून गेले की लॉकडाऊनपासून दोन-अडीच वर्षं गाडी फारशी बाहेर गेलीच नव्हती. सोसायटीत एकामागे एक पार्किंग आहे. मागच्याला गाडी काढायची असली की हे खाली जाऊन गाडी सुरू करायचे, वीस फूट पुढे घ्यायचे, परत वीस फूट मागे, बंद. दिवसातून दोनदा. "इंजिन फिरतं राहावं म्हणून बरंच की," असं त्यांचं म्हणणं.

पाना_नंबर_सोळा | दुपारी २.३०

बरं नाही, हे प्लगचं सगळ्यांत मोठं पथ्य मोडणं. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल पाजतो. नाक ४५० अंशांपर्यंत पोचायच्या आत गाडी बंद. काजळी साचते, जळत मात्र कधीच नाही. ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमधल्या आजोबांच्या गाड्यांना हाच आजार आहे. सुरू केलीच तर वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा. नाहीतर माणसं बोलावून ढकला.

एक हिशोब गंमत म्हणून. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी. ३००० फेऱ्यांवर मिनिटाला दीड हजार, तासाला नव्वद हजार ठिणग्या, एका प्लगच्या. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू उडवते. गॅप वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि भार आला की तीच आधी दगा देते.

मंगळवार_मेकॅनिक | दुपारी ३.१०

मागची रांग काढायची तर गाडी रात्रभर थंड ठेवा. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढू नका, आटे सोबत येतात. काढण्याआधी खळग्यातली धूळ फुंकून घ्या, पंक्चरवाल्याकडच्या हवेने झालं तरी चालेल. नाहीतर प्लग निघाल्याबरोबर खडे सिलिंडरमध्ये.

नेरूळची_माई | दुपारी ३.२५

आणि प्लग बघून घ्या. नकली फार आहेत. मागे एकदा स्वस्त मिळाले म्हणून चार आणले. डबा हुबेहूब. घरी येऊन बघते तर अंगठ्याने घासल्यावर अक्षरं पुसट झाली, वॉशर हातात गळून आलं (खऱ्याचं सहसा असं सुटत नाही, दाबून बसवलेलं असतं), आणि चारांचे गॅप चार प्रकारचे. परत द्यायला गेले तर "ताई, माल एकच आहे". बिल नव्हतं, गप्प बसले. आता बिलाशिवाय वॉशरसुद्धा घेत नाही.

ऐरोली_सीएनजी | दुपारी ४.००

अवांतर: मी बाहेरून किट बसवलंय. सीएनजीला वेगळा प्लग लागतो म्हणतात, खरं का? माझी गाडी गॅसवर झटके देते, पेट्रोलवर नाही.

पाना_नंबर_सोळा | दुपारी ४.३५

तुमच्या वाक्यातच उत्तर आहे. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग-कॉईल थोडी जरी थकलेली असली तरी गॅसवर आधी कळतं. आणि पेट्रोलच्या थेंबांनी आत जो थोडा गारवा मिळतो, तो गॅसमध्ये नाही. म्हणून प्लग लवकर झिजतात. कंपनीची सीएनजी गाडी असेल तर पुस्तकातलाच प्लग, फक्त पुस्तकातल्या सीएनजीच्या मुदतीत बदला. बाहेरचं किट असेल आणि साधे निकेलचे प्लग असतील तर गॅप १.१वरून ०.८च्या आसपास आणून बघा, बरेचदा तेवढ्यानेच झटके जातात. बाजूची पट्टी हलकेच ठोकून आत घ्यायची, मधल्या टोकाला पान्याचा आधार देऊन उचकायचं नाही. इरिडियमला तर हा खेळ करूच नका, ०.४ मिमीचं टोक म्हणजे उदबत्तीची काडी.

तीन-चार पायांचे 'मल्टी' प्लगही तुम्हाला कुणीतरी विकायला येईल. ठिणगी एका वेळी एकाच पायावर उडते. बाकीचे रांगेत उभे असतात.

ऐरोली_सीएनजी | दुपारी ४.४१

वाचनखूण साठवली. धन्यवाद.

उपवनकाठ | पुढचा रविवार, दुपारी १२.५०

अपडेट.

मेकॅनिकला शांतपणे २०१६चं बिल दाखवलं. तो क्षणभर बिलाकडे, मग इंजिनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, मागे पण आहेत?" मग स्वतःच वायपर खोलायला लागला. भला माणूस आहे, मजुरी घेतली नाही.

वायपर आणि जाळी काढल्यावर पहिली वस्तू निघाली ती पिंपळाची वाळकी पानं, ओंजळभर. मग कॉईल. मग लांब एक्स्टेन्शन लावून गोटी पाना आत गेला. पहिला प्लग सुटताना 'कर्र' असा जो आवाज झाला, त्याने माझ्याच दातांना शिवशिव झाली.

चार प्लग जुन्या पेपरवर ओळीने मांडले. चारही काळे, कोरडे, मखमलीसारखी काजळी, बोट लावलं तर बोट काळं. मधलं टोक चौकोनी धारेचं असायला हवं, ते चघळलेल्या पेन्सिलीसारखं गोल. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप बघितला: १.५, १.५, १.४, आणि शेवटच्याचा १.६. पाहिजे १.१.

तिसऱ्या प्लगचं प्रकरण वेगळं. त्याच्या पांढऱ्या मातीवर वरून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ, केसाएवढी, पेन्सिलीने मारल्यासारखी. ही काय भानगड? फोटो नीट येत नाहीये.

पाना_नंबर_सोळा | दुपारी १.०५

फोटोची गरज नाही. गॅप वाढल्यामुळे विजेला टोकावरून उडी मारणं अवघड झालं, म्हणून तिने बाहेरून, मातीच्या पृष्ठभागावरून पळवाट काढली. ती तिची पायवाट. आता त्याच कॉईलचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी नळी, आतून बघा. तशीच रेघ त्यातही असणार. असेल तर बूटही बदला. नुसता प्लग बदललात तर वीज जुन्या पायवाटेने जाईल, नवा प्लगही पंधरा दिवसांत तसाच होईल आणि तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

उपवनकाठ | दुपारी १.२०

आहे! बुटाच्या आत टॉर्च मारल्यावर दिसली. मेकॅनिकने 'ऐला' म्हटलं. बूट सुटा मिळाला.

प्लग साधेच, पुस्तकातल्या नंबराचे, बिल घेऊन. माई, वॉशर ओढून पाहिलं, दुकानदार बघत राहिला. घट्ट किती करायचे?

पाना_नंबर_सोळा | दुपारी १.२८

आधी नुसत्या हाताने, वॉशर टेकेपर्यंत. हाताने फिरत नसेल तर आटे तिरपे लागलेत, काढून परत. टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीला सर्वसाधारण २५ ते ३० न्यूटन मीटर म्हणतात, पण होंडाच्या पुस्तकात कमी असेल तर पुस्तक खरं. आट्यांना ग्रीस वगैरे लावू नका, घर्षण कमी होऊन नकळत जास्त आवळला जातो. सैल ठेवणंही वाईट, कारण प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते.

खोपट_आगार | दुपारी २.००

आणि आवळताना पान्याला पाइप लावू नये. चेतकच्या हेडचे आटे असेच गेले होते माझे. सौ. अजून काढते तो विषय.

उपवनकाठ | दोन आठवड्यांनी, रात्री ९.३५

शेवटचा अपडेट. सकाळची थरथर पहिल्याच दिवशी गेली. काल सासरे-सासूबाई, मी, बायको, मागे मुलगी, एसी दोनवर, असे येऊरला गेलो. चेकनाक्यापासून वरपर्यंत दुसऱ्यात, एकदाही दम टाकला नाही. सासरे पुढच्या सीटवर बसून पूर्ण चढ इंजिनचा आवाज ऐकत होते, एक शब्द बोलले नाहीत. वर पोचल्यावर म्हणाले, "क्लच जास्त दाबतोस."

मायलेज दोन टाक्या भरून मोजलं: १२.३. तेरा नाही झालं. उरलेलं तलावपाळींच्या इथेनॉलच्या नावावर टाकतो.

तलावपाळी_कट्टा | रात्री ९.४०

१३चं १२.३, म्हणजे साडेपाच टक्के. आयोगाला माझा नमस्कार सांगा.

नेरूळची_माई | रात्री ९.५२

छान झालं. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने '८ प्लग' लिहून ठेवा. पुढच्या मालकाचा आशीर्वाद लागेल.

उपवनकाठ | रात्री ९.५५

सासऱ्यांनी आधीच लिहिलंय. तारीख आणि रीडिंगसकट.

खारघरचा_नवा | रात्री १०.३०

नमस्कार, आजच सभासद झालो. फार उपयुक्त चर्चा. माझी डिझायर डिझेल आहे, २०१५ची. तिला साधे स्पार्क प्लग टाकू की इरिडियम?

खोपट_आगार | सोमवार, सकाळी ६.१५

या, बसा. चहा घेतलात का? वर माझा पहिला प्रतिसाद आहे, त्याचं दुसरं वाक्य वाचा. तुमच्याकडे असतो तो ग्लो प्लग, तो ठिणगी पाडत नाही, स्टार्ट करताना आतली हवा तापवून ठेवतो. सकाळी स्टार्टिंगला त्रास होत असेल तर सांगा. नसेल तर काही टाकू नका.